निमे, घर सुरू आहे

निमे, तुझी तेरवी काल झाली. सोनाळ्याहून तुझा भाऊ सगळं सामान घेऊन आला होता. वासुदेवभाऊंच्या अंगणात चूल मांडली आणि अख्खी गल्ली जेवली. वांग्याची भाजी तुमच्या घरच्यासारखी तिखट नव्हती, तरी लोकांनी नेमकी तिचीच वाहवा केली आणि माझं डोकं फिरलं. मी अजून रडले नाही. वेळच मिळाला नाही. तू गेलीस त्या दिवसापासून मी नुसती भांडते आहे, कधी याच्याशी, कधी त्याच्याशी. शेवटचं भांडण काल संध्याकाळी मिटलं, म्हणून आज सकाळी लिहायला बसले.

लिहायला बसलं की बाईची भाषा शाळेत जाऊन बसते, असं तू म्हणायचीस. बसू दे. सारा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यापुढे गेला, आता हात दुसरं काही लिहीत नाही.

पहिलं भांडण तुझ्या भावाशीच झालं. राख सावडून आल्यावर तो म्हणाला, "बाई, ताईच्या नावानं तिच्या जुन्या आश्रमात एक जेवण द्यावं म्हणतो. तठी तिचं अर्धं आयुष्य गेलं." मनानं चांगला आहे गं तो. पण मी म्हटलं, "दे ना बाप्पा. अन् मंग ती वरून तुले काय काय बोलन, ते आयकाची तयारी ठेव." बिचारा रडता रडता हसला. म्हणाला, "खरं हाय. ताईनं मले सोडलं नसतं." म्हणून आश्रमाऐवजी गल्ली जेवली.

दुसरं भांडण मात्र मोठं होतं, आणि ते तुझ्यासोबत राहणाऱ्या रुख्मावरून झालं. त्याच दुपारी तिचा भाचा प्रकाश मोताळ्याहून आला. चपला काढल्या, तुझ्या फोटोला हात जोडले आणि हळूच मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, आता मावशीचं काय करायचं?"

काय करायचं! जशी काही ती अंगणात उरलेली लाकडं होती. पण हे विचारणारा तो एकटा नव्हता. घरमालक वासुदेवभाऊंनी विचारलं, शेजारच्या बायांनी विचारलं, तुमच्या जुन्या संस्थेच्या अधीक्षकांनी फोनवर फार सभ्यपणे विचारलं. तुम्ही दोघी एकाच संस्थेत वाढलात, एकत्र बाहेर पडलात, आमच्या समोरच्या दोन खोल्यांत इतकी वर्षं एकत्र राहिलात. तुझे पाय जन्मापासून उभे राहिले नाहीत, हात थरथरायचे, एकेक शब्द बाहेर यायला वेळ लागायचा. तिचे हातपाय धडधाकट, पण हिशेब कळत नाही, घड्याळ कळत नाही, परकं माणूस आलं की तोंडाला कुलूप. लोक म्हणायचे, एकीचं डोकं आणि एकीचे हात. तू भडकायचीस. "तिले काय डोकं नाई? मले काय हात नाई? लोकाइले आमी अर्ध्याअर्ध्याच दिसतो." तू असताना लोक हे ऐकून गप्प बसायचे. तू गेल्यावर मात्र सगळ्यांनी एकच हिशेब मांडला, की डोकं गेलं, आता हातांना परत संस्थेत पोचवायचं आणि घराला कुलूप लावायचं.

आणि कमल? ती तू दिलेल्या शब्दावर तिकडे संस्थेत बसली आहे. तुझ्या मागून संस्थेत आलेली, तुझ्या खुर्चीमागे वाढलेली, फिट येतात म्हणून बापानं तिथे ठेवली आणि बाप वारला. तिला बाहेर काढण्यासाठी तू किती खेटे घातलेस ते मी पाहिलंय. शेवटी अधीक्षक म्हणाले होते, ती राहणार ते घर आणि तिथली माणसं खरी असली तर माझी ना नाही. खाटसुद्धा घेऊन ठेवलीस तू तिच्यासाठी. घराला कुलूप लागलं की कमलचं बाहेर येणंही संपलं, एवढं सरळ होतं ते. मी तेरा दिवस भांडले ते त्यासाठी.

तू आमच्या गल्लीत पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो. जिनिंगमागची आमची गल्ली, कापसाच्या हंगामात दारापुढे सगळीकडे कापसाचे रेशे उडतात. ऑटोच्या मागे तुझी खुर्ची दोरीनं बांधलेली. मी ओट्यावर तूर निवडत बसले होते आणि नाही म्हटलं तरी कान तिकडेच होते. वासुदेवभाऊंनी विचारलं, "सोबत जबाबदार माणूस कोण?" तू सुरुवात केलीस, "जबाब... दार..." भाऊंना वाटलं मदत करावी. ते म्हणाले, "म्हणजे तुमचे भाऊ का?" तू थांबलीस. आणि पहिल्यापासून सुरू केलंस, "जबाब... दार..." ते पुन्हा मध्ये बोलले. तू पुन्हा पहिल्यापासून. ऑटोवाला बिडी ओढून आला तरी तुमचं तेच सुरू. शेवटी भाऊ घाम पुसत गप्प बसले, तेव्हा तू वाक्य पुरं केलंस, "जबाबदार माणूस मी हाय. अन् हे रुख्मा हाय, तेबी जबाबदार हाय." भाऊंनी किल्ली दिली. पटलं म्हणून नाही, दमले म्हणून.

कोणी तुझं वाक्य पुरं केलं की पुन्हा पहिल्यापासून, हा तुझा नेम मी पुढे बुलढाण्यापर्यंत चाललेला पाहिला. साहेबलोक घड्याळाकडे पाहायचे, कारकून खोकायचे, तू आपली शांत. तुझ्यापुढे खुर्चीत बसलेला माणूस तासाभरात ऐकायला शिकायचा. मला वर्गातल्या पोरांना एवढं गप्प बसवायला छडी लागायची.

आणि ते ताट! पगार असा तुझा पहिलाच, संगणकावर टायपिंगचं काम मिळालेलं, एका बोटानं. तू भांड्यांच्या दुकानात गेलीस, एक स्टीलचं ताट घेतलंस आणि म्हणालीस, नाव घाला. दुकानदार मशीन हातात घेऊन विचारतो, "कोणाकडून कोणाला?" तू म्हणालीस, "माह्याकडून मले." त्याला वाटलं तुला नीट सांगता येत नाही. तो माझ्याकडे पाहतो. मी म्हटलं, "माह्याकडे काय पाह्यता? गिऱ्हाईक ते हाय." शेवटी घातलं त्यानं, 'निर्मलाकडून निर्मलास सप्रेम भेट'. संस्थेत ताटावर नंबर होता, म्हणालीस तू घरी येता येता.

पण आपली गल्ली काय साधी आहे? तुम्ही भाड्यानं राहता, चूल तुमची, दार तुमचं, तरी लोकांच्या डोक्यात तुमचं घर म्हणजे छोटा आश्रमच होता. अपंग बाया राहतात ना, मग नेऊन द्या काहीतरी. कोणी जुनी लुगडी आणून टाकतंय, कोणी तेरवीची उरलेली बुंदी. तू सगळ्यांना चहा पाजून लुगडी परत पाठवायचीस आणि लोक म्हणायचे, फार ताठा आहे बाई. मीसुद्धा म्हटलं होतं, अगं एवढं काय त्यात. तू म्हणालीस, "तुमाले कोणी आणून देते का लुगडे?"

आणि मग ते बाजारातले शेटजी आले. नातवाचा वाढदिवस होता. गाडीतून उतरले ते अख्खं खटलं, सून, पोरं, जिलेबीचे डबे, फोटो काढायला एक माणूस. दारात येऊन म्हणतात, "आज इथल्या बायांना जेवू घालायचं आहे." रुख्मा घाबरून भिंतीला चिकटली. संस्थेत तिनं असे किती वाढदिवस पाहिले असतील. रांगेत बसायचं, परक्या पोरासाठी टाळ्या वाजवायच्या, मग जिलेबी. मी म्हटलं आता निमी यांना काय ऐकवते कोण जाणे. आणि तू हसलीस! म्हणालीस, "या, बसा. पाहुणे आले घरी." त्यांना चटईवर बसवलंस. रुख्माला म्हणालीस, "पीठ काढ वं." ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, वांग्याची भाजी. तू सांगत होतीस, ती थापत होती. शेटजी नाही नाही म्हणतायत आणि त्यांच्यापुढे ताट आलंसुद्धा. ठेच्यानं त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी. ते पोरगं मात्र खुशीत, भाकरीवर भाकरी. निघताना तू म्हणालीस, "पुढच्या साली आमाले तुमच्या घरी बलवा. वाढदिवस तुमच्या घरी हाय ना? मंग आमी तठी येऊ." फोटोवाल्याला काय काढावं तेच कळेना. पुढच्या वर्षी त्यांनी बोलावलं, तुझ्यासाठी दोन माणसं लावून खुर्ची पायऱ्यांवरून वर नेली, आणि तू तिथे बसून सुनेला सांगितलंस की पायऱ्यांच्या बाजूला उतार करून घ्या, उद्या सासऱ्यालाही लागेल. केला त्यांनी. शेटजी आता त्याच उतारावरून काठी टेकत उतरतात.

पण माझ्या मनात तुझा जो दिवस सगळ्यात वर आहे, तो भुलाबाईचा. आपल्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरतात, गाणी झाली की घरवाली बंद डबा वाजवते आणि आतली खिरापत ओळखायची. तुमच्या घरी त्या यायच्या नाहीत. आयांनीच सांगून ठेवलेलं, तिकडे नका जाऊ, घाबराल. पोरी तुझ्या दारावरून पुढे निघून जायच्या. तू दारातून बघत राहायचीस. एक दिवस संध्याकाळी मला खळखळ आवाज आला. पाहते तर तू खुर्ची तुमच्या दारातल्या उतारावर आणून बसलेली आणि मांडीवर पितळी डबा घेऊन हलवते आहेस. तुझे हात थरथरतात, त्यामुळे डबा असा वाजत होता की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावा! पोरी थांबल्या. एक म्हणाली, "शेंगदाणे!" तू मान हलवलीस. "फुटाणे! खडीसाखर! गोट्या!" तू म्हणालीस, "अगोदर गाणे. फुकटात ओळखता काय?" आणि पोरी आल्या ना आत. भुलाबाई मांडली, फेर धरला, रुख्मा मध्ये टाळ्या वाजवत उभी. या वेळी टाळ्या तिच्या स्वतःच्या घरात होत्या. खिरापत कोणालाच ओळखता आली नाही. शेवटी डबा उघडला तर भाजलेले चिंचोके. संस्थेच्या आवारात चिंचेचं झाड होतं, आणि तिथे स्वतः करून खाता येईल असं तेवढंच होतं, म्हणून तुम्हाला ते येत होते. पोरींनी दाढा दुखेपर्यंत खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांत आधी तुमच्याकडे आल्या. आया मागून धावत आल्या त्या बघायला, आणि बघत बघत बसल्या.

हेच तू बुलढाण्याच्या त्या बैठकीत सांगितलंस. मी तुझ्यासोबत होते, तुझं पाणी धरायला. हॉल भरलेला, संस्थांचे लोक, अधिकारी, पालक. एक गृहस्थ फार कळवळून बोलले. त्यांचं म्हणणं, यांना समाजात पाठवा म्हणणं सोपं आहे, पण समाज यांना घेईल का? संस्थेत निदान छप्पर आहे, जेवण आहे, माया आहे. लोकांनी माना डोलावल्या. खरं सांगते, माझीही हलली. मग तुझी पाळी आली. तू कायद्यापासून सुरुवात केलीस. अपंग माणसाला बाकीच्यांसारखं समाजात राहायचा हक्क आहे, कुठे आणि कोणासोबत राहायचं ते त्यानं ठरवायचं, हे लिहिलेलं आहे, हे सगळं तू सांगितलंस, आणि समोरच्यांनी तुझी वाक्यं पुरी केली म्हणून दोनदा पहिल्यापासून सांगितलंस. आणि मग माईक तोंडाजवळ ओढून म्हणालीस, "आमच्या घरी भुलाबाई येते. तुमच्या संस्थेत येते काय?"

एवढंच. त्या कळवळ्याच्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही आमच्या गल्लीतली आहे, माझ्या घरासमोर राहते. त्या हॉलमध्ये बसलेल्या आयाबापांपैकी एक जोडपं जेवणाच्या सुटीत तुझ्याजवळ आलं. पोरीला संस्थेत टाकायला निघालेलं ते जोडपं, तू त्यांना शेगाव रोडवरचं कुठलंतरी दुकान आणि कसलंतरी काम सांगत बसलीस, आणि ती पोरगी घरीच राहिली. अशी किती माणसं तू घरात ठेवलीस हे मला नीट माहीतही नाही. तू कधी मोजली नाहीस.

आता आपल्या भांडणाचं. ते अर्धवट राहिलं, निमे. रुख्मा एकटी बाजारात जायची, ते तू तिला शिकवलंस. भाजी, पीठ, परत. मला ते पटायचं नाही. एक दिवस ती परतलीच नाही. रस्ता खोदलेला होता, ती दुसरीकडून वळली आणि चुकली. सगळी गल्ली शोधायला निघाली. संध्याकाळी सापडली ती स्टेशनवर, जलंबची गाडी लागते तिथल्या बाकड्यावर बसलेली, मांडीवर वांग्यांची पिशवी, रडून डोळे सुजलेले. तिला घरी आणलं आणि मी तुझ्यावर तुटून पडले. म्हटलं, "सगळे काही तुह्यासारखे नसतात निमे! तुले डोकं हाय, हिमत हाय. रुख्मासारखीले कोनाच्या तरी सावलीत राह्य लागते. काही झालं असतं म्हंजे?" तू म्हणालीस, "तुमचा पोरगा सुनील गाडीवरून पडला, पाय मोडला, तवा त्याले आश्रमात टाकलं काय?"

मी उठून घरी आले. आठवडाभर बोलले नाही तुझ्याशी. राग काय होता सांगू? उत्तर नव्हतं म्हणून राग होता. पण पटलंही नव्हतं. त्यानंतर किती वेळा हा विषय निघाला आणि किती वेळा चहा गार झाला. तू म्हणायचीस, सावली नको बाई, शेजार पाह्यजे. मी म्हणायची, शेजारी काय जन्मभर पुरतात? तू म्हणायचीस, तुमचे मुलं पुण्यालेच हाय ना, तुमाले कोण पुरून राह्यलं? यावर मी तुला बऱ्याच शिव्या दिल्यात. त्या परत घेत नाही.

मग ही थंडी आली आणि तुझ्या छातीत कफ भरला. दवाखान्यात ऑक्सिजनची नळी नाकात घालून तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं रुख्माला सांभाळा म्हणशील. मी हो म्हणायला तयार होते, तोंडावर आलं होतं. तू म्हणालीस, "कमलची खाट... उनात... टाका. ढेकूण अस्तीन." ढेकूण! लोक शेवटी देवाचं नाव घेतात. मी खाट उन्हात टाकली आणि परत आले तोवर तू गेलेली. तू रुख्माला माझ्यावर का सोपवलं नाहीस, याचा मला तेव्हा राग आला होता. काल संध्याकाळपर्यंत होता.

तर काल. पंगत उठली, बाया भांडी घासत होत्या, माणसं अंगणात खुर्च्या टाकून बसली. प्रकाश मित्राची गाडी घेऊनच आला होता. तो मुळीच वाईट नाही, हे मी पुन्हा सांगते. म्हणाला, "मले का हौस हाय बाई? पण तठी डॉक्टर हाय, जेवण हाय. मह्या घरी दोन खोल्या, बायको शेतात जाते. मावशीले कुठी ठेवू?" वासुदेवभाऊ म्हणाले, "खोलीचं मले काही नाही. पण एकटी बाई, गॅस उघडा राह्यला त?" तुझा भाऊ मान खाली घालून बसलेला. आणि मग मी उभी राहिले. म्हटलं, "कोनी कुठी नेत नाही तिले. रुख्मा माह्या घरी येईन. माही मागची खोली रिकामी हाय. मी पाह्यतो तिचं."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वासुदेवभाऊ म्हणाले, बाईनं प्रश्नच सोडवला. प्रकाश तर माझ्या पाया पडायला वाकला. मला वाटलं, निमे, की मी बाजी मारली. तू असतीस तर खूश झाली असतीस असंही वाटलं.

रुख्मा तिथेच होती. पाण्याचा जग हातात घेऊन जेवणाऱ्यांना वाढत फिरत होती दिवसभर, तशीच उभी. इतक्या माणसांपुढे ती कधी बोलत नाही. ती म्हणाली, "मले कोनं इचारलं?"

कोणाला कळलंच नाही आधी की ती बोलली. प्रकाश म्हणाला, "मावशी, तुह्या भल्यासाठीच—"

"थांब," ती म्हणाली. "मले कोनं इचारलं?"

कोणी विचारलं नव्हतं, निमे. तेरा दिवस आम्ही सगळे तिच्यासाठी भांडत होतो आणि एकानं तिला विचारलं नव्हतं. मी जवळ गेले, म्हटलं, "अवं, माह्याच घरी तर ये म्हनून राह्यली. समोर त हाय."

"तुह्यं घर तुह्यं हाय. माह्यं घर हे हाय."

"एकटी कशी राह्यशीन?"

"एकटी नाई. कमल येऊन राह्यली ना."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "रुख्मा, निमी गेली बाई आता. कमलचं आता कसं होईन..." तिनं माझ्याकडे पाहिलं, अगदी वर्गातल्या ढ पोरीकडे पाहावं तसं. म्हणाली, "निमी गेली. घर नाई गेलं. मी तुह्या घरी आलो त कमल येईन कुठी?"

मी तिथेच ओट्यावर बसले. प्रकाश दुसऱ्या बाजूला बसला आणि डोळे पुसायला लागला. वासुदेवभाऊ उगीचच आभाळाकडे बघत होते. मग तिनंच सगळं ठरवलं, एकेक करून, जग हातात तसाच. प्रकाशला सांगितलं, महिन्यातून एकदा येत जा, रिकाम्या हातानं नको, वांगे आणत जा. गॅस संध्याकाळी शेजारची सविता बंद करून जाईल, कारण सविताचं घर दारालाच दार आहे. आणि मला म्हणाली, "बाई, तू सकाळी चहाले ये. घड्याळाचं तेवढं सांग. अन् मंग आपल्या घरी जाय."

निमे, तू जिंकलीस. मला हे लिहिताना अजिबात बरं वाटत नाही, पण जिंकलीस. तू तिला माझ्यावर का सोपवलं नाहीस, ते मला काल कळलं. ती कोणावर सोपवायची वस्तू नव्हती, आणि तू हे मरतानाही विसरली नाहीस. मला तुझा फार अभिमान वाटतो. एवढी शिकलेली माणसं मी पाहिली, भाषणं ऐकली, पण एका माणसाला त्याचं घर त्याच्या तोंडून सांगता यावं इतकं कोणी कोणासाठी केलेलं मी पाहिलं नाही. आता मात्र मी रडते आहे, आणि कागद ओला होतो आहे, आणि तू असतीस तर म्हणाली असतीस, बाई, अक्षर बिघडून राह्यलं.

आज सकाळी मी चहाला गेले होते. तिनं साखर जास्त घातली. मी चहा तसाच प्यायले. घड्याळाचं सांगितलं आणि घरी आले.

उद्या कमलला आणायला जायचं आहे. प्रकाश गाडी देतोय. तिथे अधीक्षक विचारतील, जबाबदारी कोणाची, काय, कसं. मी काल रात्रीपासून मनात उत्तरं जुळवत होते. सकाळी चहा पिता पिता रुख्माला विचारलं, तिथे गेल्यावर साहेबांशी कोण बोलेल? तिनं कपबशी विसळली, पालथी ठेवली, पदराला हात पुसले.

"मी बोलीन," ती म्हणाली. "तू संग चाल."